फ्रिजवरचं गाव

वेसाव्यात जितेश तांडेलच्या घरी, फ्रिजच्या डोक्यावर,
सुक्या बोंबलाच्या वासात, एक जुना लॅपटॉप चालतो.
झाकण तुटलेलं. दोन बटणं गायब.
त्यात आम्ही एकसष्ट जण राहतो.

त्याआधी मी तिकडे होते, सगळे असतात तिथे.
चिंबईच्या खडकात ओहोटीला एक समुद्रफूल दिसलं होतं,
बोट लावलं की मिटणारं. फोटो टाकला.
सात जणांनी पाहिला, त्यातली एक माझी आत्या.
पुढच्या आठवड्यात पार्किंगवरून
सोसायटीतल्या एका म्हाताऱ्याला
चार ओळींत सोलून काढलं,
आणि अकरा हजार लोक आले.
टाळ्या वाजवत आले.
म्हातारा वरच्या मजल्यावरचा. लिफ्टमध्ये भेटतो.
त्याने नंतर गाडी विकली. का, ते मी विचारलं नाही.

चव्हाटा समजून उभी होते,
ते दुकान निघालं.
आणि काचेच्या आत मी.

एकदा गुडघ्याचा पट्टा शोधला,
तर वर्षभर गुडघे माझ्या मागून चालत होते.

पण खरं सांगायचं तर तेवढ्यानं निघाले नसते.
निघाले ते एका संध्याकाळी आमटी उतू गेली,
नवरा धावला, त्याचा हात पोळला,
आणि माझ्या मनात आधी मथळा आला.
हात नंतर.

दोन हजार तीनशे चौदा मित्र सोडून आले.
तिघांनी विचारलं.
त्यातला एक केमिस्ट,
फोन हरवला का म्हणून.

इथे महिन्याला चाळीस रुपये. भिशीच म्हणा,
फक्त नंबर कुणाचाच लागत नाही.
नेव्हिल खडकांचे फोटो टाकतो, तारखेसकट,
उलटे लागले तरी तसेच ठेवतो.
तस्लीम खेकडे मोजते. नुसते मोजते.
आणि वाचून संपतं.
हेच मला कितीतरी दिवस झेपेना.
अंगठा सवयीने खाली ओढत राहायचा
आणि तळ लागायचा,
विहिरीला लागतो तसा, खडबडीत.

भांडणं? होतात की.
शिंपले विकायची जाहिरात चालेल का,
यावर नऊ दिवस भांड्याला भांडं लागत होतं.
शेवटी सहा जणांनी डोंबिवलीत वेगळी चूल मांडली.
वेगळं यंत्र, वेगळे नियम,
पण वाटी अजून इकडून तिकडे जाते.
त्यांनी लिहिलेलं मी माझ्या जागेवरून वाचते,
माझं ते त्यांच्या.
तिकडे घर सोडलं की मधे थेट भिंत यायची.

परवा मथुराबाईंनी वाटणासाठी मिक्सर लावला.
प्लग एकच.
आमचं अख्खं गाव चाळीस मिनिटं बंद.
कुणाचं काही अडलं नाही.
मग जितेशचं आलं:
आईचं वाटण चाललं होतं, सॉरी.
खाली कुणीतरी विचारलं, कशाचं?
त्यावर बारा उत्तरं. त्या दिवसाचा उच्चांक.

फार मोठं काही केलंय असं नाही.
बहिणीची मुलगी तिकडेच मोठी होतेय.
तिचे पडलेले दात मला कुणी दाखवत नाही,
आणि आठवणीने पाठव म्हटलं
तर बहीण म्हणते, सगळं टाकलंय की गं, बघ ना.
हे नुकसान मी खर्चाच्या बाजूला लिहून ठेवलंय.
अजून कुठल्या जमेनं ते भरून आलेलं नाही.

उद्या पहाटे पाच-बाराची ओहोटी.
नेव्हिलने विचारलं, कोण कोण?
चार नावं आली. पाचवं माझं.
लिहिलं आणि फोन खाली ठेवला.

वरच्या मजल्यावरच्याला मी एकदा गॅलरीत पाहिलंय,
दुर्बीण लावून, समुद्राच्या दिशेने,
मधे तीन टॉवर असताना.

जिन्याने वर आले. लिफ्ट नको वाटली.
बेल वाजवलीय.
काय बोलायचं ते ठरलेलं नाही.
आतून चपला ओढत कुणीतरी येतंय,
सावकाश,
आणि मनात मथळा येत नाहीये.